जागच्या जागी वस्तीसुधार

जागच्या जागी वस्तीसुधार : शहरातील दाटीच्या, मोडकळीस आलेल्या गरीब वस्तीतील कुटुंबांना दुसरीकडे न हलवता, राहत्या जागेवरच पक्के घर, नळ, गटार आणि जागेचा कायदेशीर हक्क मिळवून देण्याची पद्धत. महाराष्ट्रातील तिचे ठळक उदाहरण पुण्यातील येरवड्याचे आहे. हिंगोली जिल्ह्यातील लहान शहरांत ती प्रधानमंत्री आवास योजनेच्या वैयक्तिक घरकुलाच्या रूपाने आली.

राज्यात या विषयाचा मूळ कायदा 1971 चा. झोपडपट्ट्यांची सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास ही तिन्ही कामे त्यात एकत्र आहेत; प्रत्यक्षात बराच काळ भर राहिला तो निर्मूलनावर. मुंबईत 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. झोपडीवासीयांना उंच इमारतीत मोफत घर द्यायचे आणि त्याचा खर्च त्याच भूखंडावरील उरलेली घरे बाजारभावाने विकून काढायचा, असे त्याचे गणित आहे. जमिनीला सोन्याचा भाव असेल तिथेच ते जमते. हिंगोली किंवा त्याच जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी येथे कोणी विकासक या अटींवर पुढे येण्याचे कारण नाही. शिवाय दहाव्या मजल्यावर गेलेल्या कुटुंबाला दारापुढचा धंदा, शेळी, हातगाडी, पापड वाळवण्याची जागा यांवर पाणी सोडावे लागते. गरिबाचे घर हे बहुतेक वेळा त्याचे कामाचे ठिकाणही असते, आणि जागच्या जागी सुधारणेच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

3 डिसेंबर 2005 रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले. त्यातील शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा या घटकाखाली पुणे महापालिकेने येरवड्यातील काही वस्त्या जागेवरच सुधारण्याचे काम हाती घेतले. नेताजीनगर, मदर तेरेसानगर, शीला साळवेनगर या त्यांपैकी काही. मुंबईची स्पार्क ही संस्था (स्थापना 1984) आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांमधून उभी राहिलेली महिला मिलन ही संघटना यांनी लोकांशी बोलण्याची बाजू सांभाळली. नकाशांचे काम पुण्याचे वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांच्याकडे होते.

कामाची रीत साधी, पण वेळखाऊ होती. आधी घरोघरी सर्वेक्षण झाले. पक्की घरे तशीच ठेवायची आणि कच्ची तेवढी पाडून नव्याने बांधायची, असे ठरल्यामुळे वस्तीचे बोळ, चौक, शेजार शाबूत राहिला. प्रत्येक घराला सुमारे 270 चौरस फूट चटई क्षेत्र देय होते. कित्येक झोपड्यांची जागा मात्र त्याच्या निम्मीही नव्हती. मग घर दोन-तीन मजल्यांत चढवावे लागले, किंवा शेजारच्या कुटुंबांनी जागा एकत्र करून एकच छोटी इमारत उभारली. मोरी कुठे, ओटा कोणत्या भिंतीला, जिना आतून की बाहेरून, हे प्रश्न घरच्यांशी बोलून सुटले. घराचा खर्च सुमारे 3 लाख रुपये धरला होता. निम्मा वाटा केंद्राचा, उरलेला राज्य, महापालिका आणि लाभार्थी यांचा. लाभार्थ्याचा हिस्सा दहाव्या भागाच्या आसपास होता. रोजंदारीवरच्या घराला तीस हजार रुपये एकरकमी काढणे अवघड, त्यात बांधकाम चालू असताना भाड्याने किंवा नातेवाइकांकडे राहण्याचा भार वेगळा. बोळात ट्रक शिरत नाही, म्हणून विटा-वाळू डोक्यावरून आत न्यावी लागे. या साऱ्यामुळे काम रेंगाळले. तरीही येरवड्याचा मूळ धडा टिकून आहे : लोक हलले नाहीत आणि वस्ती सुधारली.

त्याच अभियानात नांदेडचा समावेश होता आणि तेथेही अनेक वस्त्यांत घरे जागेवरच बांधली गेली. शेजारच्या हिंगोलीला हा लाभ नव्हता. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी असलेले हे गाव 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे ठिकाण बनले. कचेऱ्या आल्या, हळदीचा बाजार वाढला, हमाली आणि बांधकामाच्या कामासाठी खेड्यांतून माणसे आली. घरांची सोय त्या वेगाने झाली नाही.

25 जून 2015 रोजी जाहीर झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) चार घटकांपैकी लहान गावांना खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो लाभार्थ्याने स्वतः बांधायच्या घराचा घटक. 3 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख आणि राज्याकडून एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. घर स्त्रीच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे करण्यावर भर असतो. पैसे बांधकामाच्या टप्प्याटप्प्याने हप्त्यांनी येतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या नोंदीसह नगरपालिकेकडे जातो. अडीच लाखांत स्लॅबचे घर पूर्ण होत नाही. वरचा पैसा उसनवारीने उभा राहतो, आणि हप्ता लांबला की बांधकाम अर्ध्यावर थांबते. राज्याच्या 2025 च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद झाली, तेवढाच दिलासा.

खरी अडचण कागदाची आहे. या घटकात जागा लाभार्थ्याच्या मालकीची असावी लागते, आणि झोपडपट्टीत नेमका तोच पुरावा नसतो. वर्षानुवर्षांची घरपट्टीची पावती आणि वीजबिल हे राहत असल्याचे पुरावे आहेत, मालकीचे नव्हेत. त्यामुळे सर्वांत गरजू कुटुंबच यादीतून गळते, आणि ज्याच्याकडे आधीच प्लॉट आहे त्याचे घर मात्र उभे राहते. योजनेच्या रचनेतला हा दोष गंभीर आहे. तो दूर करण्यासाठी राज्याने नोव्हेंबर 2018 मध्ये शहरांतील शासकीय जमिनीवरची, 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय घेतला. खासगी जमिनीवरील तुकड्यांसाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे; 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. गायरानासारख्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे कायम करण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपालसिंग प्रकरणात कडक मर्यादा घातल्या. नाल्यात किंवा पूररेषेत राहणाऱ्यांना जागेवरच घर देता येत नाही. त्यांना जवळपास पर्यायी जागा हवी.

ओडिशाने 2017 मध्ये उलट क्रम धरला. झोपडीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा आधी केला, ड्रोनने मोजणी करून पट्टे वाटले आणि त्यावर घरकुले व सुविधा आणल्या. ते काम लहान नगरपालिकांतही झाले, म्हणून हिंगोलीसाठी मुंबईपेक्षा तेच उदाहरण जवळचे आहे. 1 सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही स्वतः बांधायच्या घरासाठी जागेची अट कायम आहे. तेव्हा मोजणी आणि पट्टेवाटप हे नगरपालिकांनी घरकुलांच्या याद्या करण्याआधी पूर्ण करायचे काम आहे.