शांततेचा निधी : कोण देतं, कोण ठरवतं आणि त्यात आपण कुठे?

शिरूर अनंतपाळ, देवणी, निलंगा या भागात काम करताना तरुण कार्यकर्ते आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. मोठमोठी फाउंडेशनं शांतता आणि सुरक्षेसाठी कोट्यवधींचा निधी देतात, मग वस्तीवरच्या अत्याचाराविरुद्ध काम करणाऱ्यांपर्यंत तो का येत नाही? उत्तरासाठी हा निधी कसा चालतो ते समजून घ्यावं लागतं. बाबासाहेबांचा या जगाशी आलेला संबंधही माहीत असायला हवा.

सुरुवात कुठून झाली?

उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९१० मध्ये १ कोटी डॉलर देऊन आंतरराष्ट्रीय शांततेसाठी संस्था काढली. १९११ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशन आणि १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन उभं राहिलं. त्याच १९१३ साली बाबासाहेब बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. पुढे १९३६ मध्ये फोर्ड फाउंडेशन आलं. त्याचं दिल्लीतलं कार्यालय १९५२ पासून आहे.

बाबासाहेब आणि १९४२ ची परिषद

'इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स' ही १९२५ मध्ये स्थापन झालेली संस्था आशिया-पॅसिफिकच्या प्रश्नांवर अभ्यास आणि परिषदा करत असे. तिचा मोठा आर्थिक आधार रॉकफेलर आणि कार्नेगी यांचा होता. डिसेंबर १९४२ मध्ये, महायुद्ध सुरू असताना, तिची परिषद कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात माँ त्रांब्लाँ इथे भरली. संस्थेच्या भारतीय शाखेच्या अध्यक्षांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध लिहायला सांगितलं. तो निबंध १९४३ मध्ये 'मिस्टर गांधी अँड द इमॅन्सिपेशन ऑफ द अनटचेबल्स' या नावाने पुस्तकरूपात आला.

१९४२ मध्येच १८-१९ जुलैला नागपूरला एन. शिवराज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली होती आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला होता. स्वतंत्र मतदारसंघ, सरकारी नोकऱ्यांत वाटा, स्वतंत्र वसाहती या नागपूरच्या मागण्या निबंधाने जगापुढे मांडल्या. युद्धानंतरच्या शांततेची चर्चा चालली होती, आणि त्या चर्चेत गावकुसाबाहेरच्या माणसाची सुरक्षाही आली पाहिजे, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. व्यासपीठ दुसऱ्यांच्या पैशाचं असलं तरी मागण्या आपल्या परिषदेत ठरलेल्या होत्या.

त्या संस्थेचं पुढे काय झालं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९५१-५२ मध्ये अमेरिकेत तिच्यावर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचे आरोप झाले. फाउंडेशनांचा पैसा आटला आणि १९६० मध्ये संस्था बंद पडली.

निर्णय कसा होतो?

फाउंडेशनच्या शांतता व सुरक्षा विभागाला एक संचालक असतो. पुढची काही वर्षं कोणत्या प्रश्नावर पैसा लावायचा, याचं धोरण तो मांडतो आणि विश्वस्त मंडळ ते मंजूर करतं. त्याच्या हाताखालचे कार्यक्रम अधिकारी संस्था शोधतात, प्रस्ताव मागवतात, हिशेब तपासतात. करार होतो, हप्त्याने पैसा येतो, अहवाल द्यावा लागतो. अमेरिकी कायद्याप्रमाणे खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के खर्च करावाच लागतो. तो कशावर करायचा, हे मात्र तेच ठरवतात. मॅकआर्थर फाउंडेशन हे अण्वस्त्रविषयक कामाचं फार मोठं देणगीदार होतं. २०२१ मध्ये त्याने या क्षेत्रातून बाहेर पडण्याचं जाहीर केलं आणि त्यावर उभ्या असलेल्या अनेक संस्था अडचणीत आल्या.

'सुरक्षा' म्हणजे कोणाची?

या विभागांची भाषा अण्वस्त्रं, सीमावाद, दोन देशांमधली युद्धं अशी असते. आपल्याकडची हिंसा त्यात बसत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. वस्त्या जळाल्या, माणसं गाव सोडून गेली, तरी याची नोंद 'कायदा व सुव्यवस्था' अशीच होते.

२००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न वंशभेदाच्या चर्चेत आणायचा प्रयत्न केला. भारत सरकारने विरोध केला. पण २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जन्माधारित भेदभावात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. शब्दांची व्याख्या बदलता येते, ती अशी चिकाटीने.

कार्यकर्त्यांनी काय लक्षात ठेवावं?

परदेशी पैसा घ्यायचा तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० लागू होतो. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के झाली, आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणं बंद झालं. म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातल्या छोट्या मंडळापर्यंत पैसा येण्याची वाटच मिटली.

म्हणून आमचं म्हणणं असं की, निधीची वाट बघत बसू नये. अत्याचाराच्या प्रत्येक घटनेची तारीखवार नोंद, एफआयआरची प्रत, जबाब हे जपून ठेवायला फारसा पैसा लागत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक ३ महिन्यांतून एकदा झालीच पाहिजे. ती होते का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. भीमजयंतीला आपण घराघरातून वर्गणी काढतो आणि पै-पैचा हिशेब मागतो. त्याच वर्गणीतला थोडा भाग या कामासाठी बाजूला काढता येईल.

उद्या एखादं फाउंडेशन दारात आलं तर पैसा जरूर घ्यावा. पण काय मागायचं, हे १९४२ सारखं आधी आपल्या बैठकीत ठरलेलं असावं.

जय भीम.