गिलाव्यातील रसायन

बिडकीनच्या उत्तरेस, छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबरा इ. स. १६६१ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या पुष्कळ भागास संगमरवर नसून चुन्याचा गिलावा आहे. मीठ पाण्यात विरघळते. पाणी आटविल्यास तेच मीठ उरते. हा भौतिक बदल होय. भाजलेल्या चुनखडीची चुनकळी पाण्यात ‘विरते’. परंतु पाणी आटविल्याने ती परत मिळत नाही, कारण पदार्थच पालटलेला असतो. पुढे गिलावा नुसता ‘वाळत’ नाही; हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडी बनतो. या वायूचे चुनखडीशी असलेले नाते जोसेफ ब्लॅक याने १७५६ मध्ये प्रसिद्ध केले. गवंड्यांना कृती त्यापूर्वीच अवगत होती. शब्द मात्र भौतिक बदलाचेच राहिले. जीर्णोद्धारात हा भेद विसरून गिलावा घाईने वाळविल्यास तो कच्चा राहतो.