पिकअपच्या डिफरन्शियलचे तेल कधी बदलावे?

इंजिनाची शक्ती मागील चाकांना पोहोचविणे आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे, हे डिफरन्शियलचे कार्य. त्यातील क्राउन व पिनियन हे गियर प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासतात. म्हणून तेथे सहसा जीएल-५ दर्जाचे गियर ऑइल वापरतात.

साधारणतः ४० हजार किलोमीटरनंतर हे तेल बदलावे, असा ढोबळ संकेत आहे. मात्र वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले अंतर व तेलाचा दर्जाच प्रमाण मानावा. छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उष्म्यात जड माल घेऊन कन्नडचा घाट वारंवार चढणाऱ्या गाड्यांचे तेल त्याआधीच बदलणे हितावह ठरते.

तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, तर धातूचे तुकडे आढळल्यास दाते झिजत आहेत, असे समजावे. तेल काढण्यापूर्वी भरण्याचे बूच सुटते की नाही, हे आधी पाहावे. नवे तेल त्या छिद्राच्या कडेपर्यंत भरावे. तेल संपून गियर जाम झाल्यास धावत्या गाडीची मागील चाके अडकू शकतात. त्यामुळे हा खर्च टाळणे परवडणारे नाही.