सिम्प्सन्स : हिट अँड रन – समीक्षा व स्वागत

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेवर बेतलेला व्हिडिओ गेम. कॅनडातील व्हँकूव्हरच्या रॅडिकल एंटरटेनमेंट या कंपनीने तो तयार केला आणि व्हिवेंडी युनिव्हर्सल गेम्सने सप्टेंबर 2003मध्ये प्लेस्टेशन 2, एक्सबॉक्स व गेमक्यूब या यंत्रांसाठी बाजारात आणला. संगणकावरील आवृत्ती त्याच वर्षी थोडी मागाहून आली. मॅट ग्रेनिंग यांची मूळ मालिका फॉक्स वाहिनीवर डिसेंबर 1989पासून चालू आहे.

या गेमकडून समीक्षकांच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. गाजलेल्या मालिकेचे नाव वेष्टनावर छापायचे आणि आत काहीतरी घाईने उरकलेले द्यायचे, हा त्या धंद्यातला जुना शिरस्ता. सिम्प्सन्स कुटुंबही त्यातून सुटले नव्हते: आधीच्या दोन वर्षांत निघालेल्या कुस्ती आणि स्केटबोर्डिंगच्या गेमची समीक्षकांनी यथेच्छ धुलाई केली होती. रॅडिकलच्याच ‘रोड रेज’वर (2001) सेगा कंपनीच्या ‘क्रेझी टॅक्सी’ या गेमची नक्कल केल्याचा ठपका होता आणि सेगाने त्यावरून पुढे दावाही लावला.

‘हिट अँड रन’नेही साचा उसनाच घेतला, तोही ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 3’चा: मोकळे शहर, हाताला लागेल ती गाडी आणि पाठीमागे पोलीस. तरीही नकलेचा आरोप या वेळी बोथट झाला, कारण बहुतेक समीक्षकांनी त्याकडे विडंबन म्हणून पाहिले. ते पटण्याजोगे आहे. इथे रक्त नाही. गाडीने उडवलेला पादचारी उठतो आणि चालकाला चार शब्द सुनावतो. पडद्याच्या कोपऱ्यातला गोल मापक मोडतोडीबरोबर भरत जातो, पूर्ण भरला की पोलीस मागे लागतात, आणि पकडले गेल्यास शिक्षा काय, तर साठवलेल्या नाण्यांतून दंड. परग्रहावरचे कँग आणि कोडोस हे दोघे गावकऱ्यांना बिथरवणारे शीतपेय विकून त्यांची फजिती दूरचित्रवाणीवर दाखवतात, हे कथानकही मालिकेच्या तिरकस वळणाचेच.

सर्वाधिक वाखाणणी झाली ती स्प्रिंगफील्ड गावाची. चौदा वर्षे तुकड्यातुकड्यांनी पाहिलेली शाळा, क्विक-ई-मार्ट हे दुकान, सिम्प्सन्सचे घर प्रेक्षकाला एका सलग रस्त्याने जोडलेले सापडले. काही ठिकाणी आतही शिरता येत होते. संवाद मालिकेच्या लेखकांनी लिहिले आणि डॅन कॅस्टेलानेटा, नॅन्सी कार्टराइट आदी मूळ कलाकारांनीच आवाज दिले, त्यामुळे विनोद उसना वाटला नाही.

दोषही समीक्षकांनी झाकले नाहीत. इतर गाड्या व पात्रे अनेकदा निर्बुद्धपणे वागत, तांत्रिक चुका होत्या, आणि ‘वेळेत पोहोचा’, ‘पाठलाग करा’, ‘गोळा करा’ यांपलीकडे कामगिऱ्यांत वैविध्य कमी होते. सातव्या, म्हणजे अखेरच्या, टप्प्याने तर खेळाडूंना रडकुंडीला आणले. अणुऊर्जा केंद्रातील कचऱ्याचे पिंप गाडीतून ठरावीक वेळात शाळेपर्यंत न्यायचे; वाटेत गाडी जोरात आपटली की स्फोट, आणि पुन्हा पहिल्यापासून. ही अवघड कामगिरी म्हणण्यापेक्षा नीट न तोललेली कामगिरी म्हणणे योग्य.

मेटाक्रिटिक या संकलकावर विविध यंत्रांवरील आवृत्त्यांची सरासरी 100पैकी 80च्या आसपास राहिली. 2004मध्ये ऑस्ट्रेलियातील निकेलोडियन किड्स चॉइस पुरस्कारांत मुलांनी त्याला आवडता व्हिडिओ गेम म्हणून निवडले. लहानपणी तो खेळलेली पिढी मोठी झाल्यावर त्याची कीर्ती मूळ परीक्षणांच्याही पुढे गेली, आणि दूरचित्रवाणी मालिकांवरील उत्तम गेमच्या याद्यांत तो हमखास दिसू लागला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 2007मध्ये ‘द सिम्प्सन्स गेम’ काढला, तो स्वतंत्र कथेचा. ‘हिट अँड रन’चा दुसरा भाग मात्र कधीच प्रसिद्ध झाला नाही.