‘कायदेशीर अटक’ आणि ‘सरकारी कामात अडथळा’ : खानदेशच्या रस्त्यांवरील एका बचावाचा इतिहास

खानदेशातून दोन मोठे रस्ते जातात. मुंबई-आग्रा रस्ता धुळे व शिरपूरवरून सातपुड्याकडे चढतो. सुरत-नागपूर रस्ता धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा पूर्वेकडे जातो. धुळ्यास हे दोन्ही एकमेकांस छेदतात. या रस्त्यांवर वाहनचालक व पोलीस यांच्यातील तंट्यातून जे खटले उभे राहतात, त्यांत बहुधा दोन आरोप एकत्र येतात : हयगयीने वाहन चालविल्याचा आणि ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्याचा. यांपैकी दुसरा आरोप मराठीत एका शब्दसमूहाने ओळखला जात असला, तरी कायद्यात तो एक नाही. तो एकच मानल्याने आरोपीच्या बचावाचे स्वरूप कसे झाकले जाते, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

इंग्रजी अंमल खानदेशात १८१८ साली आला. त्यानंतरच्या पहिल्या दशकात धरपकड हा कायद्याहून बंदोबस्ताचा विषय होता. १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. मुंबई इलाख्यासाठी १८२७ चे एल्फिन्स्टनचे कायदे झाले, त्यांतील चौदाव्या कायद्यात गुन्हे व शिक्षा यांची मांडणी होती. पकडणाऱ्याच्या अधिकारासही मर्यादा असते, याचे उदाहरण याच प्रदेशात सापडते. १८५७ च्या उठावात पुढे आलेला खाज्या नाईक हा पूर्वी आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाच्या रखवालीवर नेमलेला होता. पकडलेल्या संशयिताच्या मृत्यूबद्दल त्यास कारावासाची शिक्षा झाली होती. रस्ता राखणारा माणूस पकडण्याच्या कामी मर्यादा सोडील, तर तोही गुन्हेगार ठरतो, हे तत्त्व भारतीय दंड संहितेच्या आधीचे आहे.

१८६० ची दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिने या विषयाचे तीन निरनिराळे गुन्हे केले. कलम १८६ लोकसेवकास त्याचे सार्वजनिक काम करताना अडथळा करण्याविषयी होते. शिक्षा फार तर तीन महिने, आणि गुन्हा अदखलपात्र. कलम २२४ स्वतःच्या कायदेशीर अटकेस प्रतिकार करण्याविषयी होते; शिक्षा दोन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र. कलम ३५३ लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेला हल्ला किंवा गुन्हेगारी बलप्रयोग यांविषयी होते; हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. यांतील ‘अडथळा’ हा शब्द पहिल्या कलमाचा. परंतु खानदेशातच नव्हे, तर सर्व महाराष्ट्रात ‘सरकारी कामात अडथळा’ हे नाव प्रत्यक्षात तिसऱ्या कलमास पडले. सौम्य गुन्ह्याचे नाव घेऊन कठोर कलम लावले जाते, ही केवळ भाषेची ढिलाई नव्हे. वाद घालणे, गाडीपुढून न हलणे आणि अंगावर हात टाकणे या तीन कृती एकाच नावाखाली आल्या, की त्यांतील भेद फिर्यादीतून नाहीसा होतो. आणि त्याच भेदावर आरोपीने त्या रात्री घरी जावयाचे की कोठडीत, हे अवलंबून असते.

फिर्यादीची ठराविक शब्दयोजना येथे विचारात घेतली पाहिजे. ‘झटापट केली’, ‘धक्काबुक्की केली’, ‘अंगावर धावून आला’ असे शब्द वारंवार येतात. प्रत्यक्ष स्पर्श झाला की नाही, हे त्यांवरून नेहमीच कळत नाही. मराठी ही महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ च्या अधिसूचनेने ठरली, तरी कलमांचा अर्थ ठरतो तो इंग्रजी संहितेवरून. बचावाच्या वकिलाचे पहिले काम म्हणूनच अनुवादकाचे असते : साक्षीदाराचा प्रत्येक मराठी शब्द कोणत्या कलमातील कोणत्या घटकाशी जुळतो, हे उलटतपासणीत वेगळे करून घेणे.

वाहनासंबंधीच्या आरोपातही हेच आढळते. कलम २७९ बैलगाडी व घोडागाडीच्या काळात लिहिले गेले. १९१४, १९३९ व १९८८ चे मोटार वाहन कायदे नंतर आले. कलमात ‘बेदरकारपणे किंवा हयगयीने’ असे शब्द आहेत. वेगाचा उल्लेख नाही. फिर्यादीत मात्र ‘भरधाव वेगात’ हे शब्द जवळजवळ नेमाने असतात. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ‘भरधाव’ हा सापेक्ष शब्द आहे व केवळ त्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही.

प्रतिकाराच्या आरोपात निर्णायक शब्द ‘कायदेशीर’ हा आहे. अटकच कायदेशीर नसेल, तर कलम २२४ चा गुन्हा पुरा होत नाही. १९८८ च्या कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकारी वाहनविषयक गुन्ह्यासाठी वॉरंटाविना अटक करू शकतो, ती त्याच्या समक्ष घडलेल्या धोकादायक चालन, मद्यपान करून चालन व अनधिकृतपणे वाहन नेणे या गुन्ह्यांसाठी. अन्य गुन्ह्यांत, चालकाने नाव-पत्ता सांगण्यास नकार दिल्यास. मद्यपानाच्या आरोपाखाली पकडलेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्यास सोडावे लागते. डी. के. बसू खटल्याने (१९९६) अटकेचा पंचनामा, नातलगास सूचना इत्यादी बंधने घातली. अर्नेश कुमार खटल्याने (२०१४) सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची कारणे नोंदविणे आवश्यक ठरविले. ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ असे दोन शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत व ठाण्यात रूढ आहेत. प्रक्रिया संहितेप्रमाणे मात्र शब्दाने वा कृतीने शरण न आलेल्याच्या शरीरास स्पर्श करणे अथवा त्यास अडकवून ठेवणे म्हणजेच अटक. अटकेची वेळ कोणती, यावर दोन तासांचा व चोवीस तासांचा हिशेब अवलंबून असल्याने बचावास हा भेद दुर्लक्षिता येत नाही.

तथापि अटक बेकायदा म्हणून बलप्रयोग क्षम्य, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. दंड संहितेच्या कलम ९९ ने, लोकसेवक सद्भावनेने व पदाच्या अधिकारात वागत असेल आणि त्याच्या कृत्याने मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर कृत्य काटेकोरपणे समर्थनीय नसले तरी त्याविरुद्ध खाजगी संरक्षणाचा हक्क नाकारला होता. केशो राम विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९७४) या खटल्यात दूधकराच्या थकबाकीपोटी म्हैस जप्त करणाऱ्या निरीक्षकास मारणाऱ्याचा असाच बचाव फेटाळला गेला. म्हणजे ‘कायदेशीर’ हा शब्द प्रतिकाराच्या आरोपातून सोडवील. हल्ल्याच्या आरोपातून सोडवीलच असे नाही. गुन्ह्यांचा भेद आरोपीस तारकही आहे आणि मारकही.

अलीकडील घडामोडींनी हा भेद अधिक महत्त्वाचा झाला. महाराष्ट्राने २०१७ च्या दुरुस्तीने कलम ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ही कलमे अनुक्रमे २२१, २६२ व १३२ या क्रमांकांनी आली आणि कलम १३२ ची मर्यादा पुन्हा दोन वर्षे झाली. अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या कलम १०६ (२) विरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी संप केला. मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन डेपोतील टँकरचालक त्यात होते. फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने हे पोटकलम अंमलातून वगळले गेले. जमावाच्या भीतीने पळालो, हे चालकांचे म्हणणे नवे नाही : १९८८ च्या कायद्याच्या कलम १३४ मध्येच जखमीस मदत करण्याच्या कर्तव्यास ‘जमावाचा प्रक्षोभ’ हा अपवाद आहे.

या इतिहासातून असे दिसते, की बचावाचा आधार कोणत्याही एका उदार निवाड्यात नसून गुन्ह्यांची नावे वेगळी ठेवण्यात आहे. संहितेने १८६० मध्ये वेगळे केलेले व्यवहारभाषेने एक केले. संहिता बदलली, क्रमांक बदलले. ‘सरकारी कामात अडथळा’ हा शब्दसमूह मात्र तसाच राहिला. धुळे-जळगावच्या न्यायालयांतील फिर्यादींचा व निकालपत्रांचा भाषिक दृष्टीने पद्धतशीर अभ्यास झाल्यास, कोणत्या कृतीस कोणते नाव दिले गेले आणि त्या नावाने किती माणसांचा जामीन अडला, हे स्पष्ट होईल.