पटकीच्या जीवविषाचा शोध : शंभुनाथ डे यांच्या संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकात बंगालमधून पसरलेल्या पटकीच्या साथींनी जगभर मोठी प्राणहानी केली. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्ता येथे या रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. परंतु हा जिवाणू रुग्णाचा प्राण नेमका कसा घेतो, याचे प्रायोगिक उत्तर मिळण्यास १९५९ साल उजाडावे लागले. ते उत्तर त्याच शहरातील एका वैद्यकीय अध्यापकाने, डॉ. शंभुनाथ डे (१९१५-१९८५) यांनी दिले. प्रस्तुत लेखात या शोधाचा आणि त्याला मिळालेल्या उशिराच्या मान्यतेचा मागोवा घेतला आहे.

विलंबाची कारणे :
जिवाणू एखादे विष निर्माण करीत असावा, असा तर्क कॉख यांनी मांडला होता. तथापि १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी जिवाणूच्या पेशीतच बद्ध असलेल्या 'अंतर्विषा'ची कल्पना मांडली आणि संशोधनाची दिशा बदलली. पुढील अनेक प्रयोगांत जिवाणू प्राण्यांच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचले गेले. प्राणी दगावत, मात्र तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, म्हणजे पटकीचे मुख्य लक्षणच, दिसत नसे. प्रयोगाची जागा चुकत होती.

डे यांचे प्रयोग :
लंडन येथे पीएच.डी. पूर्ण करून डे १९४९ मध्ये कलकत्त्यास परतले. पटकीचे कार्यक्षेत्र आतडे असेल, तर प्रयोगही आतड्यातच झाला पाहिजे, हा त्यांचा विचार साधा पण निर्णायक होता. १९५३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून बंद केला व त्यात जिवाणूंचे संवर्धन सोडले. तो भाग द्रवाने टम्म फुगला. १९५६ मध्ये जुलाबाच्या रुग्णांपासून मिळविलेल्या काही 'ई. कोलाय' जिवाणूंनीही असाच परिणाम घडविल्याचे त्यांनी दाखविले. अखेर १९५९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी सिद्ध केले की, जिवाणू गाळून काढल्यानंतर उरलेला द्रवही हेच कार्य करतो. अर्थात, विष पेशीबाहेर टाकले जाते.

मुंबईतील समांतर संशोधन :
याच काळात परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता व त्यांचे सहकारी सशाच्या पिलांवर प्रयोग करीत होते. जिवंत जिवाणू नसलेल्या अर्कानेही पिलांना जुलाब होतात, असे दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनी १९५९ मध्येच प्रसिद्ध केले. एकाच प्रश्नाची उकल भारतातील दोन शहरांत स्वतंत्रपणे होत होती, ही बाब महत्त्वाची होय.

परिणाम व मान्यता :
१९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन व लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात मिळविले. विषाचा एक घटक आतड्याच्या पेशीला चिकटतो. दुसरा पेशीत शिरून 'सायक्लिक एएमपी'चे प्रमाण वाढवितो. त्यामुळे क्षार व पाणी आतड्यात झिरपत राहते. आतड्याचे अस्तर मात्र नष्ट होत नाही आणि ग्लुकोजसोबत सोडियम शोषण्याची क्षमता टिकून राहते. मीठ-साखरेच्या पाण्याने रुग्ण का वाचतो, याचा उलगडा येथे होतो. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हा उपचार मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखविला.

डे यांना मात्र हयातीत भारतातील कोणताही मोठा सन्मान लाभला नाही. १९७३ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोम येथील नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण मिळाले. जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचविले होते. 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी.

निष्कर्ष :
पटकीचा इतिहास बहुधा साथी, मृत्युसंख्या व शासकीय उपाययोजना यांभोवती लिहिला जातो. डे यांचे कार्य त्यात महाविद्यालयीन प्रयोगशाळेचीही नोंद आवश्यक असल्याचे दर्शविते. ससा, दोरा व गाळणी एवढ्या साधनांनी पाऊण शतकाचा प्रश्न सुटला, कारण प्रश्न योग्य जागी विचारला गेला. शोधास साधनांची उणीव आड आली नाही. मान्यतेस मात्र स्वदेशीयांचे दुर्लक्ष आड आले, हे या इतिहासाचे सार होय.