जुन्या मराठी संगणकीय दस्तऐवजांचे जतन आणि ब्राउझरमधील इम्युलेटर : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. ताम्रपट, शिलालेख किंवा मोडी कागदपत्रे झिजली तरी लिपीचे ज्ञान असणारा अभ्यासक ती वाचू शकतो. संगणकीय दस्तऐवजाचे तसे नाही. तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाला ते कालबाह्य झाले, की फाईल शाबूत असूनही मजकूर अवाचनीय ठरतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजेच या जिल्ह्याचा प्रारंभकाळ व मराठी संगणकलेखनाचा संक्रमणकाळ एकच होय. म्हणूनच हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

मराठी संगणकलेखनाची पार्श्वभूमी :
भारतीय लिपींसाठीचे 'जिस्ट' तंत्रज्ञान आयआयटी कानपूर येथे आकारास आले व १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. १९९१ मध्ये 'इस्की' ही भारतीय मानक संकेतप्रणाली निश्चित झाली. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तथापि, प्रत्यक्ष मुद्रणव्यवहारात श्री-लिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरचे स्वतंत्र फॉन्टसंकेत रूढ झाले. त्यांत संकेत हा अक्षराचा नसून अक्षराच्या आकाराचा असे. परिणामी, मूळ फॉन्ट नसल्यास तोच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात दिसतो. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय मिळाली, तरी जुनी पद्धत अनेक वर्षे टिकून राहिली.

इम्युलेटरचा विकास :
एका संगणकाने दुसऱ्याचे हुबेहूब अनुकरण करणे ही कल्पना नवी नाही. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मालिकेत जुन्या यंत्रांवरील प्रोग्रॅम चालविण्याची सोय होती. २००२ मध्ये 'डॉसबॉक्स' आला. २०११ मध्ये फॅब्रिस बेलार्ड यांनी ब्राउझरमध्ये लिनक्स चालवून दाखविले, तर २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने डॉसवरील हजारो खेळ ब्राउझरमध्येच खुले केले. वेबअसेम्ब्लीमुळे अशा अनुकरणाचा वेग वाढला व २०१९ मध्ये ते अधिकृत मानक झाले.

कार्यपद्धती व मर्यादा :
प्रथम १.४४ एमबी क्षमतेच्या फ्लॉपीची किंवा हार्डडिस्कची प्रतिमा-फाईल तयार करावी लागते. मूळ फ्लॉपीवर काहीही लिहिले जाऊ नये म्हणून तिची लेखनबंदी-खिडकी उघडी ठेवणे आवश्यक असते. ही प्रतिमा, जुनी कार्यप्रणाली, मूळ सॉफ्टवेअर व फॉन्ट एकत्र आणल्यास ब्राउझरमध्ये मूळ पान जसेच्या तसे दिसू शकते. वापरणाऱ्याच्या संगणकावर वेगळे काही बसवावे लागत नाही, ही बाब ग्रामीण महाविद्यालयांसाठी सोयीची आहे.

मात्र दोन अडचणी संभवतात. 'जिस्ट' कार्ड हा संगणकात बसविला जाणारा प्रत्यक्ष भाग होता. केवळ संगणकाच्या अनुकरणाने तो उपलब्ध होत नाही. तसेच हार्डवेअर लॉकवर चालणारे सॉफ्टवेअर लॉकअभावी सुरू होत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ वैध धारकास संरक्षणार्थ प्रत करण्याची मुभा देते. ती सर्वांना वाटण्याची नव्हे.

निष्कर्ष :
झाडीबोलीतील साहित्य, झाडीपट्टी रंगभूमीच्या संहिता, स्मरणिका व ग्रामपातळीवरील नोंदी ही पूर्व विदर्भाच्या इतिहासाची मौलिक साधने होत. त्यांपैकी जे लेखन फॉन्टसंकेतांत झाले, त्याची छापील प्रत नष्ट झाल्यास फाईल हाच एकमेव पुरावा उरतो. केवळ युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास जोडाक्षरांच्या चुका शिरतात व पानाची मूळ मांडणी हरवते. केवळ इम्युलेटर वापरल्यास मजकुरात शोध घेता येत नाही. म्हणून दोन्ही मार्ग परस्परपूरक मानून, रूपांतरित मजकूर इम्युलेटरमधील मूळ पानाशी ताडून पाहणे हीच शास्त्रशुद्ध पद्धती ठरते. चुंबकीय फ्लॉपीचे आयुष्य मर्यादित असल्याने आठही तालुक्यांतील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी व इतिहास विभागांनी हे कार्य विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे.